हातांतील नक्कल
(इंग्लंडांत कुळाची जमीन एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाई, याविषयीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)

आज आम्ही आपणांपुढें परमुलखांतील एक हकीगत सांगण्यास उभे आहों. ही हकीगत राजाची नव्हे, लढाईची नव्हे. शेताच्या एका तुकड्याची व लेखाच्या एका चिठोऱ्याची आहे. आपल्यांतील पुष्कळांची अशी समजूत असते कीं, इंग्रज तेवढे सारे साहेब. त्यांच्या देशांत कष्टकरी शेतकरी कोठला, आणि असलाच तर त्याला दुःख कसलें! ही समजूत चुकीची आहे. ज्यांनीं आपल्यावर शंभराहून अधिक वर्षें राज्य केलें, त्यांच्याच देशांतील लाखों कुळांना स्वतः कसलेलें शेत सरळ दुसऱ्याला विकतां येत नव्हतें. आधीं तें धन्याच्या हातीं सोडावें लागे, आणि घेणाऱ्याला तें धन्याच्या हातून घ्यावें लागे. ही रीत कायद्यानें सन १९२५ च्या अखेरपर्यंत जिवंत होती. तिच्यांत कुळाचें संरक्षण काय होतें आणि नागवण काय होती, हें नीट समजून घेण्यासारखें आहे.

इंग्लंडांत गांवोगांव 'मॅनर' नांवाची संस्था असे. आपल्याकडील जहागिरीशीं ताडून पाहिली तर ती समजण्यास सोपी जाईल. मॅनरचा एक धनी असे. कोठें तो सरदार, कोठें बिशप, कोठें मठाचा महंत, तर कोठें ऑक्सफर्ड-केंब्रिजचें एखादें कॉलेजसुद्धां धनी असे. कांहीं जमीन धनी स्वतः करवून घेई, बाकीची कुळांकडे असे. कुळांत कांहीं मोकळीं, तर पुष्कळ बांधील असत. बांधील कुळाला 'व्हिलेन' म्हणत. त्यानें आठवड्यांतले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतांत वेठ करावी, सुगीच्या दिवसांत त्याहून अधिक राबावें. मुलीचें लग्न करावयाचें तर धन्याला पैसे मोजावे. मुलाला शाळेंत घालावयाचें तरी परवानगी काढावी, आणि तिच्यासाठींही पैसे भरावे. घरांतला कर्ता मेला कीं गोठ्यांतलें सर्वांत चांगलें जनावर धन्याकडे जाई. एकीकडे घरांत सुतक आणि दुसरीकडे दावणीचा बैल सुटून चाललेला, अशी ती रीत! या कुळाला जमिनीबद्दल राजाच्या कोर्टांत दाद नव्हती. त्याचें कोर्ट म्हणजे धन्याचें कोर्ट. आणि तेथील हिशेब धन्याचा कारकून लिही.

दळणसुद्धां धन्याच्या गिरणींतच न्यावें व तेथें दळणाचा वांटा द्यावा, असा कित्येक ठिकाणीं नियम होता. सेंट ऑल्बन्स गांवच्या मठाची गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथें लोक घरीं जात्यावर दळूं लागले, तेव्हां चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मठाधिपतीनें तीं जातीं जप्त केलीं आणि आपल्या बैठकीच्या खोलींत फरशी म्हणून बसवून टाकलीं. ज्या जात्यावर आईबहिणींनीं पहांटे दळावें, त्यावर महंताचे पाय! लोकांनीं हें विसरलें नाहीं. सन १३८१ मध्यें शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें, तेव्हां त्यांनीं ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे आपसांत वांटून घेतले.

त्या बंडाची दुसरी एक खूण आपण ध्यानांत ठेवावी. सन १३४८-४९ च्या महामारींत इंग्लंडांतील निदान तिसरा हिस्सा माणसें मेलीं. राबणारे हात कमी झाले, मजुरीचा भाव चढला, पण धन्यांना जुनीच वेठ व जुनीच मजुरी पाहिजे होती. १३८१ सालीं एसेक्स, केंट, हर्टफर्डशायर इत्यादि परगण्यांत लोक उठले, आणि ठिकठिकाणीं त्यांनीं धन्याचें दप्तर बाहेर काढून जाळलें. हें दप्तर म्हणजे कमावलेल्या कातड्याच्या लांब लांब गुंडाळ्या. अमक्याचा आजा बांधील होता, अमक्यानें इतके दिवस वेठ द्यावी, हें सारें तेथें लिहिलेलें. लोक म्हणाले, बेडी लोखंडाची नाहीं, ती या कातड्यावरच्या शाईची आहे. म्हणून तीच जाळा. बंड मोडलें, पुढारी मारले गेले. पण वेठ फार दिवस टिकली नाहीं. पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळ ठिकाणीं तिच्या जागीं रोख खंड आला.

आतां नवल पहा. ज्या गुंडाळ्या आजानें जाळल्या, त्याच गुंडाळ्या नातवानें जपल्या! कारण, कुळाला जमीन मिळाली कीं तशी नोंद धन्याच्या कोर्टांत गुंडाळींत होई, आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला देण्याची चाल पडली. त्यावरून या हक्काला 'कॉपीहोल्ड' हें नांव मिळालें. कॉपी म्हणजे नक्कल, आणि होल्ड म्हणजे धारण करणें. सन १४८१ त वारलेला लिट्लटन नांवाचा न्यायाधीश आपल्या जमीनविषयक ग्रंथांत सांगतो कीं, या कुळांजवळ कोर्टाच्या गुंडाळीच्या नकलेवांचून दुसरा पुरावा नसतो. या हक्काची व्याख्याच अशी होती कीं, कुळ जमीन धरतें तें धन्याच्या मर्जीनें आणि मॅनरच्या वहिवाटीप्रमाणें. यांतला पहिला अर्धा भाग धन्याचा, दुसरा कुळाचा. हळूहळू दुसऱ्यानें पहिल्याला खाल्लें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत राजाचे न्यायाधीश म्हणूं लागले कीं, कुळ वहिवाटीप्रमाणें देणें देत असेल तर धन्यानें त्याला हुसकून लावूं नये. आणि सोळाव्या शतकांत राजाच्या कोर्टांत अशीं कुळें दाद मागूं लागलीं.

आतां जमीन एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी जाई, तें क्रमानें सांगतों. समजा, एका कुळाला आपलें शेत शेजाऱ्याला विकावयाचें आहे. दोघांत किंमत ठरली. पण नुसत्या खरेदीखतानें तें शेत जात नसे. मॅनरचें कोर्ट भरण्याची वाट पहावी लागे. कोर्ट म्हणजे कांहीं मोठी इमारत नव्हे. तें धन्याच्या वाड्यांत भरे, आणि पुढें पुढें गांवच्या खानावळींतही भरे. धन्याच्या वतीनें त्याचा कारभारी बसे; तो बहुधा वकील असे. भोंवतीं कुळांतलीच शपथ घेतलेली पंचमंडळी असे. विकणारा पुढें येऊन एक लहानशी काठी धरी आणि ती कारभाऱ्याच्या हातीं देई. कोठें काठीऐवजीं हातमोजा चाले, तर कोठें गवताची काडी. जशी ज्या मॅनरची वहिवाट. काठी देतांना तो सर्वांसमक्ष सांगे कीं, हें अमुक शेत मी धन्याच्या हातीं सोडतों, अमक्या इसमाच्या उपयोगासाठीं. मग तो अमका पुढें येई. कारभारी तीच काठी त्याच्या हातीं देऊन त्याला कुळ म्हणून दाखल करून घेई. नवें कुळ इमानाची शपथ घेई आणि नजराणा भरी. कारकून तें सर्व गुंडाळींत लिही. त्या नोंदीची नक्कल, कारभाऱ्याच्या सहीची, नव्या कुळाच्या हातीं येई. तीच त्याची सनद.

आपल्या वडील मंडळींना राजीनामा व कबुलायत हे शब्द ठाऊक असतील. मुंबई इलाख्यांत जुन्या धारेकऱ्यानें सरकारांत राजीनामा द्यावा, नव्यानें कबुलायत लिहून द्यावी, आणि खातें नव्याच्या नांवें व्हावें, अशी रीत होती. त्यावरून वरील प्रकार आपणांस परका वाटूं नये. फरक इतकाच कीं, येथें मध्यें सरकार होतें, तेथें खासगी धनी होता.

कोर्टाला अवकाश असला तर कारभाऱ्यापुढें कोर्टाबाहेरही जमीन सोडतां येई; कित्येक मॅनरांत दोन कुळांसमक्षही सोडतां येई. मात्र पुढच्या कोर्टांत तें उघड करावें लागे. कुळ मेलें तर पंचमंडळी कोर्टांत तसें जाहीर करी, आणि वारस कोण असेल त्यानें यावें अशी हांक दिली जाई. लागोपाठ तीन कोर्टांत तीन हांका होऊनही कोणी आलें नाहीं, तर वारस येईपर्यंत धनी जमीन आपल्याकडे ठेवी. वारस कोण, हें वहिवाट सांगे. कांहीं मॅनरांत थोरल्या मुलाला जमीन जाई, तर कांहींत सर्वांत धाकट्याला! विधवेला पुष्कळ ठिकाणीं नवऱ्याच्या जमिनींत हक्क असे. मात्र तिनें दुसरें लग्न केलें कीं तो बहुधा बुडे.

येथें मायबहिणींनीं एक गोष्ट विशेष ऐकावी. शेत बायकोच्या नांवचें असेल आणि तें सोडावयाचें असेल, तर कारभारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन एकटीला विचारी कीं, बाई, हें तूं आपखुशीनें करतेस कीं नवऱ्याच्या धाकानें? तिनें आपखुशीनें म्हणून सांगितलें तरच तें सोडणें पक्कें होई, आणि तिला तसें विचारल्याची नोंद गुंडाळींत होई. त्या काळीं इंग्लंडांत लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र हक्क फार थोडे होते. अशा काळांत तिच्या शेतावर तिच्या एका होकाराची अट होती, ही लहान गोष्ट नव्हे. घरांतल्या बाईचा आंगठा न विचारतां उठवून घेणारे लोक कोठें नसतात? म्हणून एकांतांत विचारण्याची ही चाल आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

कर्ज काढावयाचें झालें तर कुळ अटीवर जमीन सोडी. अमक्या तारखेस मुद्दल व व्याज फिटलें तर हें सोडणें रद्द, अशी ती अट. हीही नोंद गुंडाळींत होई, आणि कर्ज फिटलें कीं फिटल्याची नोंदही तेथेंच होई. 'दृष्टीआड सृष्टी' ही जी म्हण आपण म्हणतों, तिला या कामीं जागा कमी होती. काठी सर्वांच्या डोळ्यांपुढें फिरे, शेजारी साक्षी असत, लेख गुंडाळींत राही, आणि नक्कल कुळाच्या पेटींत असे. धनी बदलो, कारभारी मरो, ती नक्कल बोलत राही. कॉपीहोल्डचें सारें बळ या तीन गोष्टींत होतें: उघड व्यवहार, लेखी नोंद आणि हातांतील नक्कल.

पण बंधूंनो, एवढ्यावरून ती पद्धत सुखाची होती असें समजूं नका. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, तसेंच तें होतें. प्रत्येक पालटास नजराणा. बाप मेला, नजराणा. शेत विकलें, नजराणा. कांहीं मॅनरांत तो वहिवाटीनें ठरलेला असे, पण पुष्कळ ठिकाणीं धनी मागेल तो. कोर्टांनीं सांगितलें कीं नजराणा वाजवी असावा. आणि वाजवी म्हणजे किती, तर अठराव्या शतकापर्यंत असें कायम झालें कीं, जमिनीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाच्या किंमतीहून अधिक नसावा. म्हणजे संरक्षण मिळूनही दोन वर्षांचें उत्पन्न गेलेंच! वर कारभाऱ्याची फी, आणि कुठें कुठें तें उत्तम जनावर. परवानगीवांचून एक वर्षाहून अधिक मुदतीनें शेत दुसऱ्यास लावून दिलें, किंवा वहिवाटीबाहेर मोठें झाड तोडलें, तर जमीन जप्त होण्याची भीति. जमिनीखालीं कोळसा निघाला तर तो धन्याचा, पण वरची माती कुळाच्या ताब्यांतली. म्हणून एकाच्या संमतीवांचून दुसऱ्याला खणतां येत नसे. सन १८१५ च्या कायद्यापूर्वीं मृत्युपत्रानें जमीन द्यावयाची तर आधीं कोर्टांत त्यासाठीं वेगळी काठी फिरवावी लागे, आणि तिचीही फी. शिवाय कित्येक मॅनरांत हक्क दोन-तीन माणसांच्या हयातीपुरताच असे. तीं माणसें संपलीं कीं नव्यानें याचना.

या नजराण्यावरूनही रक्त सांडलें आहे. सन १५४९ मध्यें नॉर्फक परगण्यांत रॉबर्ट केट या गृहस्थाच्या पुढारपणाखालीं हजारों लोक नॉरिच शहराबाहेरच्या माळावर जमले. केट स्वतः जमीनजुमला बाळगून होता, आणि धंद्यानें कातडीं कमावणारा होता. त्यांनीं राजाकडे ज्या मागण्या पाठविल्या, त्यांत कॉपीहोल्डचीही मागणी होती. खंड सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षीं होता तितका असावा, आणि कुळ मेल्यास किंवा जमीन विकल्यास नजराणा हलका असावा, म्हणजे एखादा खच्ची कोंबडा किंवा बेताची रक्कम. कोंबडा द्यावयास ते तयार होते. बैल व दोन वर्षांचें पीक द्यावयास तयार नव्हते. यांत गैर काय होतें? पण राजाच्या फौजेनें त्यांची कत्तल केली, आणि केटला त्याच वर्षीं नॉरिचच्या किल्ल्यावर फांशीं दिलें.

पुढें सन १६६० मध्यें पार्लमेंटानें मोठ्या जमीनदारांना राजाच्या जुन्या सरंजामी देण्यांतून मोकळें केलें. पण त्याच कायद्यांत कॉपीहोल्डचीं देणीं जशींच्या तशीं राखून ठेवलीं. म्हणजे धन्यांनीं आपल्या मानेवरचें जूं काढलें आणि कुळाच्या मानेवरचें तसेंच ठेवलें! जे कायदे करण्याच्या जागीं बसतात, ते आपली सोय आधीं पाहतात, हें यावरून उघड आहे. कॉपीहोल्डच्या कुळाला तेथें माणूसच कोण पाठवूं देत होतें? सन १४३० पासून परगण्यांतील मताचा अधिकार वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या मोकळ्या जमीनवाल्यांना होता. नकलेच्या कुळांना तो, दहा पौंड उत्पन्नाची अट घालून, सन १८३२ त मिळाला.

आपल्या मुंबईचाही या मॅनरांशीं एक धागा आहे. सन १६६८ च्या मार्च महिन्यांत दुसऱ्या चार्ल्स राजानें मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलें, तें केंट परगण्यांतील ईस्ट ग्रीनिच या मॅनरची जमीन समजून! खंड वर्षाला दहा पौंड, सोन्याच्या रूपांत. मात्र कंपनीला बेट दिलें तें 'सॉकेज' नांवाच्या मोकळ्या हक्कानें, कॉपीहोल्डनें नव्हे. व्यापाऱ्याला सातासमुद्रांपलीकडचें बेट मोकळ्या हक्कानें मिळालें. आणि इंग्लंडांत नांगर धरणारा मात्र आपल्या चार बिघ्यांसाठीं कारभाऱ्यापुढें काठी धरून उभा राहिला.

आणखी एक सल होता. तो भाषेचा. या गुंडाळ्या लॅटिन भाषेंत लिहीत. सतराव्या शतकांत राजा नव्हता तीं थोडीं वर्षें सोडलीं, तर सन १७३३ पर्यंत हाच प्रकार होता. कुळाच्या पेटींत नक्कल आहे, पण ती त्याला वाचतां येत नाहीं! मग ती वाचून दाखविणार कोण? तोच वकील, तोच कारकून. सन १४०६ च्या कायद्यानें कोणत्याही स्थितीच्या स्त्रीपुरुषाला आपला मुलगा वा मुलगी शाळेंत घालण्याची मोकळीक मिळाली होती खरी. पण मोकळीक मिळणें निराळें आणि शाळा दारीं येणें निराळें. ज्याला आपला लेख वाचतां येत नाहीं, त्याचें अर्धें शेत वाचणाऱ्याच्या हातीं असतें.

शेवटीं ही पद्धत गेली कशी? बंडानें नव्हे, एका दिवसांतही नव्हे. सन १८४१ च्या कायद्यानें धनी व कुळ यांनीं राजीखुशीनें जमीन मोकळी करून घेण्याची वाट सोपी केली. सन १८५२ पासून एका पक्षाला दुसऱ्यावर तशी सक्ति करतां येऊं लागली. सन १८९४ त हे कायदे एकत्र केले. आणि सन १९२२ च्या कायद्यानें ठरविलें कीं, ता. १ जानेवारी १९२६ पासून उरलेली सर्व कॉपीहोल्ड जमीन मोकळी झाली. धन्यांना भरपाई मिळाली. गुंडाळ्या मात्र आतां कोणी जाळीत नाहीं. कायद्यानें त्या एका मोठ्या न्यायाधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं दिल्या आहेत. यॉर्कशायरांतील वेकफील्ड मॅनरच्या गुंडाळ्या सन १२७४ पासून १९२५ पर्यंतच्या आहेत, आणि आज साधीं माणसें आपल्या पणज्या-खापरपणज्यांचीं नांवें अशा गुंडाळ्यांतून शोधतात.

तरी धन्याची सावली अगदींच गेली असें नाहीं. जमिनीखालचीं खनिजें व असे कांहीं हक्क राखून ठेवलेले होते. सन २००२ च्या कायद्यानें असे हक्क नोंदविण्यास सन २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तेव्हां मुदत संपण्यापूर्वीं नोंदी झाल्या, आणि इंग्लंडांतील पुष्कळ घरवाल्यांना पत्रें आलीं कीं, तुमच्या अंगणाखालीं अमक्या मॅनरच्या धन्याचा हक्क आहे. लोक चकित झाले. सन २०१५ त पार्लमेंटाच्या समितीनें याविषयीं अहवालही दिला. जुना हक्क झोपलेला असतो, मेलेला नसतो. आणि त्याची नोंद ज्याच्या दप्तरीं, तो त्याला केव्हांही जागा करतो.

तर बंधुभगिनींनो, या हकीगतींतून आपण काय घ्यावें? सन १३८१ च्या शेतकऱ्याला वाटलें कीं लेख हाच शत्रु. त्याच्या नातवाला कळलें कीं लेख शत्रु नव्हे. लेख दुसऱ्याच्या एकट्याच्या हातीं असणें, हा शत्रु. नक्कल हातीं आली तेव्हां कुळाला उभें राहण्यास जागा मिळाली. पण नक्कल हातीं येऊनही नजराणा चालूच राहिला. तो गेला तेव्हां कुळाच्या हातीं मतही आलें होतें. दोन्ही लागतात.

म्हणून घरीं जाल तेव्हां आपला सातबारा पेटींतून काढा, किंवा त्याची नक्कल मागून घ्या. शेत तुम्ही कसतां आणि नांव अजून मेलेल्या आजाचें आहे काय, तें पहा. असेल तर वारसाची नोंद आजच करून घ्या; इंग्लंडांत तीन हांका तरी देत, येथें कोणी हांक देण्याची वाट पाहूं नका. बहिणीचें, आईचें, विधवा भावजयीचें नांव त्यांत आहे कीं गुपचूप गळलें आहे, तें पहा. तिला एकटीला बसवून विचारा. कर्ज फिटलें असेल तर बोजा उतरल्याची नोंद झाली कीं नाहीं, तें पहा. आणि स्वतःला वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून मोठ्यानें वाचवून घ्या, म्हणजे सारें घर ऐकेल. तेंच आपलें उघडें कोर्ट.